नवी भाषा, कुठला एडिटर?

नवी प्रोग्रॅमिंग भाषा शिकायची असं ठरवलं की पहिला शनिवार कसा जातो हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. सकाळी चहाचा कप घेऊन बसायचं, भाषेच्या साइटवरचं पहिलं पान उघडायचं, आणि दुसऱ्या पानावर जायच्या आधीच ह्यासाठी आयडीई कुठला चांगला ते शोधायला लागायचं. मग तुलना, मग डाउनलोड, मग प्लगिन, मग गडद थीम, मग फॉन्ट. दुपारी जेवायला उठतो तेव्हा संगणकावर सगळी जय्यत तयारी असते आणि भाषेची एक ओळही लिहिलेली नसते. (फॉन्ट मात्र सुंदर दिसत असतो.)

ह्या प्रश्नाला लोक दोन ठरलेली उत्तरं देतात. एक पंथ म्हणतो, साध्या एडिटरात लिहा, टर्मिनलवर कंपाइल करा, म्हणजे भाषा हाडात मुरते. दुसरा म्हणतो, मिक्सर असताना पाट्यावर चटणी कशाला वाटायची? दोन्ही बाजूंनी मी भरपूर वाद ऐकलेत, थोडेफार घातलेतही. पण हल्ली मला वाटतं, दोघंही मुळात भाषा कुठली आहे हेच विचारत नाहीत. काही भाषांमध्ये कंपायलर शिकवतो, काहींमध्ये रेपल शिकवतो (म्हणजे एक ओळ लिहा, एंटर मारा, उत्तर लगेच खाली), आणि काहींमध्ये खरोखरच आयडीई शिकवतो. आधी ह्या भाषेत मास्तर कोण ते ओळखायचं, आणि त्याचा आवाज नीट ऐकू येईल अशा बाकावर बसायचं. एडिटर त्यावरून ठरतो.

बाक चुकला की काय होतं ते पाहायचं असेल तर आपल्या पिढीला लांब जायला नको. महाराष्ट्रात २०००च्या आसपास आणि त्यानंतरही बरीच वर्षं ज्यांनी इंजिनिअरिंग केलं त्यांना ती निळी स्क्रीन आठवत असेल. टर्बो सी++! कंट्रोल-एफ९ दाबलं की प्रोग्रॅम चालायचा, ऑल्ट-एफ५ दाबलं की आउटपुट दिसायचं. सी शिकायची म्हणजे पहिल्या ओळीत कोनिओ डॉट एच, मग व्हॉइड मेन, मग क्लिअरस्क्रीन, आणि शेवटी न चुकता गेटच. व्हायव्हात प्रश्नही असायचा, 'गेटच का लिहितात?' ह्यातलं क्लिअरस्क्रीन किंवा गेटच सी भाषेत नाहीच, बोरलँड कंपनीने डॉसच्या कंपायलरसोबत दिलेली ती सोय होती. प्रमाण सीमध्ये कोनिओ नावाची हेडर फाइलच नाही. पण चार वर्षं सीचा दुसरा कुठलाही कंपायलर न बघितलेल्या मुलाला हे कळणार कुठून? पहिल्या नोकरीत लिनक्सवर बसल्यावर त्याचा पहिलाच प्रोग्रॅम कंपाइल होत नसे, आणि 'मला सी येते' ह्या त्याच्या वाक्यावर समोरचा हळूच हसत असे.

फॅक्टोरिअलचं प्रॅक्टिकल तर आणखी मजेदार. टर्बो सीमध्ये इंट १६ बिटांचा, म्हणजे ३२७६७ च्या पुढे जागा नाही. ७ चं फॅक्टोरिअल ५०४० बरोबर यायचं आणि ८ चं यायचं उणे २५२१६. (खरं उत्तर ४०३२०.) त्यामुळे 'सीमध्ये ७ पर्यंतच फॅक्टोरिअल काढता येतं' हे एक सर्वमान्य ज्ञान होतं. आजच्या नेहमीच्या कंपायलरवर इंट ३२ बिटांचा असतो, तिथे १२ पर्यंत ठीक चालतं आणि १३ ला सहसा १९३२०५३५०४ असा आकडा मिळतो. तो चूक आहे, पण उणे नसल्यामुळे बघणाऱ्याला शंकाही येत नाही. टर्बोचं उणे उत्तर निदान बोंब मारून सांगायचं की काहीतरी गडबड आहे.

टर्बोला सरसकट नावं ठेवायची इच्छा मात्र होत नाही. १९८३ साली टर्बो पास्कल आलं तेव्हा एडिटर आणि कंपायलर एकाच प्रोग्रॅममध्ये, तेही ४९.९५ डॉलरला, ही मोठीच गोष्ट होती. त्यामागचा कंपायलर लिहिणारे अँडर्स हेल्सबर्ग पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, त्यांनी सी शार्प घडवली, मग २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट आणली, आणि आज निम्मं जग ज्यात कोड लिहितं तो व्हीएस कोड ह्याच टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे. शिवाय टर्बो सीमधली मदत! फंक्शनच्या नावावर कर्सर ठेवून कंट्रोल-एफ१ दाबलं की माहिती आणि खाली चालवून बघता येईल असं उदाहरण. इंटरनेट नसलेल्या लॅबमध्ये कित्येकांना सरांपेक्षा ह्या मदतीनेच जास्त शिकवलं असेल. दोष त्या साधनाचा नव्हताच. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचं साधन, १९९८ साली सी++चं आयएसओ प्रमाण ठरून गेल्यावरही तसंच चालू राहिलं, आणि ६४ बिटांच्या विंडोजवर ते चालेना तेव्हा डॉसबॉक्समध्ये घालून चालवलं गेलं. असो. तो वेगळाच लेख होईल.

आता जावा. जावात आयडीई हा अर्धा मास्तर आहे असं माझं मत आहे, आणि ते मी इंटेलिजे आणि त्याआधी एक्लिप्स अशी बरीच वर्षं काढल्यावर देतोय. मोठा प्रोग्रॅम पन्नास पॅकेजमध्ये पसरलेला, एका मेथडचं नाव बदललं तर तीनशे ठिकाणी बदलायचं, लायब्ररीत काय काय आहे ते बिंदू टाइप करून खाली उतरणाऱ्या यादीतून कळतं. ती यादी वाचूनच मी अर्धी स्टँडर्ड लायब्ररी शिकलो. नोटपॅडमध्ये जावा लिहिणं हे चप्पल हातात घेऊन सिंहगड चढण्यासारखं, करता येतं पण कशासाठी? एक गोष्ट मात्र जावाने स्वतःच सुधारली. पहिल्याच प्रोग्रॅमला पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेनचा मंत्र म्हणावा लागायचा, आणि आयडीई तो आपोआप लिहून देत असल्याने त्याचा अर्थ कुणी विचारत नसे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ पासून नवशिक्याला तो मंत्र लागत नाही. ओळ बिनकामाची आहे हे मान्य व्हायला तीस वर्षं लागली!

ह्या सवयी घेऊन मी रस्टकडे गेलो. रस्टमध्ये मास्तर कंपायलर आहे, आणि कडक आहे. तिथली मुख्य कल्पना मालकीची. एक स्ट्रिंग 'अ' ह्या नावाने केली, मग 'ब' ला दिली, की 'अ' वापरता येत नाही. गाडी विकल्यावर जुन्या मालकाने चावी फिरवायची नाही. जावात 'अ' आणि 'ब' दोघंही एकाच वस्तूकडे बोट दाखवत खुशाल बसतात, त्यामुळे जावावाल्याचा पाय इथे हमखास अडखळतो. मग कंपायलर ई०३८२ क्रमांकाची चूक दाखवतो. टर्मिनलवर ती कशी दिसते हे बघण्यासारखं आहे. तुमच्याच कोडच्या ओळी छापून, खाली बाण काढून तो सांगतो की ह्या इथे ही स्ट्रिंग जन्मली, ह्या इथे तिची मालकी गेली, आणि ह्या इथे तुम्ही गेलेली वस्तू वापरताय. खाली सल्लाही असतो, की वेगाची किंमत चालणार असेल तर प्रत काढा. एवढ्यानेही नाही कळलं तर तो क्रमांक देऊन एक्सप्लेन म्हणायचं, म्हणजे कंपायलर उदाहरणासकट आख्खं टिपणच छापतो.

एडिटरमध्ये हीच चूक म्हणजे एक लाल नागमोडी रेघ. माउस नेला की मजकूर दिसतो, नाही असं नाही, पण तुकड्यातुकड्यांत. आणि शेजारी पिवळा दिवा. दिव्यावर टिचकी मारली की डॉट क्लोन लागतो, रेघ गायब.

मी मुद्दाम दोन्हीकडून करून बघितलं. रस्टलिंग्ज नावाचा छोट्या छोट्या मोडक्या प्रोग्रॅमांचा संच आहे, ते दुरुस्त करत जायचे. मालकीच्या धड्यांपुरतं मी एका विकांताला साधा एडिटर आणि शेजारी टर्मिनल घेतलं, पुढच्या विकांताला तेच धडे पुसून सगळ्या मदतीसह केले. दुसऱ्या खेपेला मी आधी शिकलेला होतो, म्हणजे तुलना काही शास्त्रीय नाही. पण एक फरक ढळढळीत होता. टर्मिनलवर मला प्रत्येक वेळी ठरवावं लागत होतं की इथे उसनं द्यायचं, मालकी द्यायची की प्रत काढायची. दिव्याने मात्र ते प्रश्न विचारलेच नाहीत. धडा मालकीचा, आणि तो सुटला प्रत काढून! रस्ट आठ महिने वापरणाऱ्या एकाचा कोड मी मध्यंतरी तपासला, त्यात दर चौथ्या ओळीला क्लोन होता. प्रोग्रॅम चालत होता, पण त्याने लिहिली होती ती रस्टच्या कपड्यातली जावाच.

पहिले तीन आठवडे संपल्यावर मी रस्ट-अ‍ॅनालायझर पूर्ण चालू केला आणि त्यानंतर बंद करावासा वाटला नाही. कंपायलरने मनातल्या मनात धरलेले टाइप तो ओळीच्या मधोमध फिकट अक्षरांत लिहून दाखवतो. लांबलचक इटरेटरांच्या साखळीत कुठल्या पायरीला हातात काय आहे हे त्यावरून जितकं समजतं तितकं पुस्तकातून मला समजलं नव्हतं. तेव्हा 'साधा एडिटरच घ्या' हाही धर्म नव्हे.

क्लोजरसारख्या लिस्पच्या घराण्यातल्या भाषेत गणित पुन्हा उलटं. तिथे साधा एडिटर आणि वेगळं टर्मिनल म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. कर्सरखालचा कंस एका किल्लीवर चालत्या प्रोग्रॅममध्ये पाठवता आला पाहिजे, मग तो ईमॅक्समधून पाठवा नाहीतर कशातूनही. स्मॉलटॉक त्याच्याही पुढे, तिथे कोड फायलींत नसतोच मुळी, भाषा आणि वातावरण एकाच जिवंत प्रतिमेत राहतात. 'स्मॉलटॉकसाठी एडिटर कुठला' हा प्रश्नच उद्भवत नाही.

एवढं स्वातंत्र्य आपल्याला मिळालं त्याचं एक कारण २०१६ सालात आहे. त्याआधी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेचं ज्ञान वेगळं शिकवावं लागायचं. दहा एडिटर आणि वीस भाषा म्हणजे दोनशे प्लगिन, त्यातली निम्मी अर्धवट. मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडएन्व्ही ह्यांनी त्या वर्षी लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. भाषेने आपला एक सर्व्हर लिहायचा, एडिटरने एकदा प्रोटोकॉल शिकायचा, काम तीस तुकड्यांत भागतं. त्यामुळे विम, ईमॅक्स, व्हीएस कोड ह्यांतलं अंतर पुष्कळ कमी झालंय. ज्याची बोटं जिथे बसलीत तिथे त्याने खुशाल बसावं, फक्त कुठली मदत कधी चालू करायची एवढं आपल्या हातात ठेवावं.

हे सगळं माझ्यासारख्या रोज कोड लिहिणाऱ्याचं झालं. ज्याचा वेळच मोजका आहे त्याच्यासाठी ही निवड जास्त महागाची असते. माझा मावसभाऊ चाकणला एका कारखान्यात क्वालिटीमध्ये आहे. मोजमापाच्या मशीनमधून रोज सीएसव्ही फायली निघतात, त्या एक्सेलमध्ये चिकटवून तक्ते करण्यात त्याचे दोन तास जातात. वरच्या जागेसाठी आता पायथन येणं आवश्यक केलंय. घरी दीड वर्षाची मुलगी, पत्नीची नोकरी, म्हणजे त्याच्या हातात रविवार सकाळचे तीन तास. त्याने आधी दोनदा पायथन सुरू करून सोडलं होतं, आणि दोन्ही वेळा भाषेपर्यंत पोचलाच नव्हता. संगणकावर तीन वेगवेगळी पायथन जमली होती, पिप एकीत पॅकेज टाकत होतं, एडिटर दुसरीच चालवत होता, आणि स्क्रीनवर 'असं मॉड्यूल नाही'.

"दादा, मला बहुतेक हे जमणारं नाही," असं म्हणाला तो फोनवर.

हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय, आणि दरवेळी राग येतो तो त्या माणसाचा नाही. मोजमापाच्या मशीनवर मायक्रॉनमध्ये काम करणारा माणूस पाथ व्हेरिएबलवर नापास होतो ह्याला काय अर्थ आहे?

मी त्याला सगळं काढून टाकायला लावलं आणि थॉनी घ्यायला सांगितलं. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठी तयार झालेला हा साधा आयडीई. पायथन त्याच्या पोटातच येतं, म्हणजे 'कुठलं पायथन' हा प्रश्नच मिटला. खाली रेपल, बाजूला व्हेरिएबल आणि त्यांच्या किमती. पायथनमध्ये मास्तर रेपलच आहे. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर तो सुखाने चालतो हेही महत्त्वाचं.

तिसऱ्या रविवारी त्याने एका जुन्या फायलीवर पहिला कामाचा प्रोग्रॅम लिहिला. भोकाचा व्यास, मर्यादा ९.९८ ते १०.०२ मिलिमीटर. फायलीतली सगळ्यात मोठी किंमत छापायची. उत्तर आलं ९.९९. पण ती फाइल त्याच्या ओळखीची होती, त्यात एक नग १०.०३ चा होता, म्हणजे सरळ रिजेक्ट. त्याने मला फोन केला नाही. बाजूच्या खिडकीत बघितलं तर प्रत्येक आकड्याभोवती अवतरण चिन्हं. सीएसव्ही मॉड्यूल सगळं मजकूर म्हणूनच वाचतं, आणि मजकूर म्हणून ताडलं तर '९' हे '१' च्या नंतर येतं, म्हणून ९.९९ हे १०.०३ पेक्षा मोठं! त्याने फ्लोट लावलं आणि मग मला स्क्रीनचा फोटो पाठवला.

त्याच्या ऑफिसातल्या एकाने हेच काम पांडासने, एआयकडून लिहून घेऊन, दहा मिनिटांत केलंय. ते चालतंही, कारण पांडास आकडे ओळखून स्वतःच बदलतं. पण कुणी त्या रकान्यात एका जागी 'एरर' असा शब्द टाकला की अशा छोट्या फायलीत आख्खा रकाना मजकूर होतो आणि कमाल किंमत म्हणून 'एरर' हा शब्दच छापला जातो, विनातक्रार. माझ्या भावाला हे आता आधीच सुचतं. तो नग गाडीत बसतो, त्यामुळे ह्या फरकाला किंमत आहे.

ज्युपिटर नोटबुकही त्याला कुणीतरी सुचवलं होतं. आलेख काढायला ते उत्तमच. पण त्यात चौकोन वरखाली कुठल्याही क्रमाने चालवता येतात, आणि पुसलेल्या चौकोनातलं व्हेरिएबल मेमरीत तसंच राहतं. जे स्क्रीनवर नाही तेही उत्तरात भाग घेतं. नवशिक्याला हे भूत समजावून सांगणं कठीण, म्हणून ते मी दोन महिने पुढे ढकललं. फायली वाढल्या की व्हीएस कोड आणि व्हेन्व्ह आहेतच.

राहिला कोपायलट आणि त्याची भावंडं. २०२२ मध्ये तो सर्वांना खुला झाला, आणि आज कुठलाही एडिटर नव्याने उघडला की एआय आधीच मांडी घालून बसलेला असतो. कामावर मी तो दिवसभर वापरतो आणि त्याबद्दल कुरकुर नाही. शिकताना मात्र तो बंद. अर्धी ओळ लिहिली की उरलेली करड्या अक्षरांत समोर येते, आणि ती बरोबर आहे की नाही हे ठरवायचं काम ज्याला भाषा येत नाही त्याच्यावर पडतं. प्रश्न विचारायला तो चांगला आहे, म्हणून मी तो एडिटरबाहेर, ब्राउझरच्या खिडकीत ठेवतो. तिथे जाऊन प्रश्न टाइप करावा लागतो, आणि टाइप करता करता निम्म्या वेळा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं.

पुढच्या विकांतापासून मी एलिक्सर घेतोय. तिच्यासोबत आयईएक्स नावाचं रेपल येतं, आणि त्यात एच लिहून पुढे फंक्शनचं नाव दिलं की त्याची माहिती उदाहरणांसकट तिथेच छापली जाते. कंट्रोल-एफ१ची आठवण झाली :-) एडिटर अजून ठरवलेला नाही.